पेणहून कळव्याला, एकही बोट न मोडता

काका, सप्रेम नमस्कार.

कळव्यात माझा गणपतीच्या मूर्तींचा छोटा व्यवसाय आहे. दर वर्षी पेणजवळच्या हमरापूरहून शाडूच्या मूर्ती आणतो. गाडी माझीच आहे, महिंद्राची २०११ ची पिकअप, पुढे-मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), क्षमता सव्वा टन. एका फेरीत एक ते दीड फुटाच्या चाळीसेक मूर्ती बसतात, सगळं मिळून साडेतीनशे किलो वजन होतं. गेल्या वर्षी पाच फेऱ्यांत अकरा मूर्ती दुखावल्या. कुणाची बोटं गेली, कुणाचा कान, एकीची सोंड तडकली. त्यातल्या सात आधीच बुक झालेल्या होत्या आणि त्या घरांना फोन करून सांगताना माझं तोंड उघडत नव्हतं. शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, कधी बदलले आठवत नाही, मागचा एक तेलानं ओला झालाय. मेकॅनिक म्हणतो, हेवी ड्युटी गॅसचे टाका, गाडी दगडासारखी बसेल. भाचा म्हणतो, एअर सस्पेन्शन लावू. शेजारचा टेम्पोवाला सांगतो, मागचे दोन पाटे काढून टाक, गाडी मऊ होईल. चांगले शॉकअप घातले तर मूर्ती वाचतील का? कोणते घालू? आणि एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करावा का?

आपला, एक मूर्तीवाला, कळवा

दादा,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाडी दगडासारखी बसेल. मेकॅनिकनं ते कौतुकानं म्हटलं असणार. सव्वा टन सिमेंट भरून कसारा घाट चढणाऱ्या गाडीसाठी ते कौतुक योग्यही आहे. तुम्हाला मात्र हौद्यात शाडू ठेवायचाय, आणि शाडूला दगडावर बसवून सत्तर किलोमीटर आणायचं नसतं.

आधी सरळ उत्तर देतो. शॉकअप बदला, चारही बदला, पण कंपनीनं तुमच्या मॉडेलला दिलेल्या मापाचे आणि तेवढ्याच ताकदीचे. हेवी ड्युटी नको. आणि हे धरून चाला की शॉकअप म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं पाट्यांत, टायरच्या हवेत आणि हौद्यात वजन कुठे ठेवता त्यात आहे. नुसते शॉकअप बदलून निघालात तर मूर्ती कमी दुखावतील, पण दुखावतील.

गॅरेजागणिक एक समजूत भेटते, की शॉकअप गाडीचं वजन उचलतो. तो उचलत नाही. वजन पाटे उचलतात. चाक उंचवट्यावर चढलं की पाटा दबतो, मग सुटतो, मग परत दबतो, आणि त्याला एकटं सोडलं तर बराच वेळ तसाच नाचत राहतो. ते नाचणं शांत करायला शॉकअप असतो. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या झडपांतून रेटून जावं लागतं आणि उसळीतली ताकद तेल तापवण्यात खर्च होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट लागतो. पुढच्या वेळी हमरापूरहून आलात की गाडी बंद करून, सायलेन्सरपासून हात जपून, चारही शॉकअपना हात लावून बघा. तीन कोमट आणि एक थंड निघाला तर तो थंड असलेला नुसता लटकलेला आहे. तुमचा तो ओला झालेला बहुतेक थंडच लागेल.

आता कडक शॉकअपनं काय होतं ते बघा. तेल जितक्या जोरात ढकलावं तितका त्याचा विरोध वाढतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्या वेगात ३० सेंटिमीटर लांबीचा उंचवटा तुमचं चाक ०.०३ सेकंदात ओलांडतं. तेवढ्यात चाकाला वर जाऊन खाली यायचं असतं. शॉकअप कडक असेल तर तो चाकाला वर सरकू देत नाही, आणि सगळा हिसका चासीत, चासीतून हौद्यात आणि हौद्यातून मूर्तीच्या बोटांत जातो. शाडू वाळल्यावर ताठ होतो, वाकत नाही. त्याला मोठी डोलणी एक वेळ चालते, असा तीक्ष्ण हिसका चालत नाही. सुटतानाचा विरोध जास्त असला तर आणखी एक त्रास होतो. रस्त्यावर लागोपाठ आडवे पट्टे आले की चाक खाली परत यायच्या आत पुढचा पट्टा येतो, दर पट्ट्याला गाडी थोडी थोडी बसत जाते आणि शेवटी रबरी बफरवर आदळते. तो आवाज तुम्ही ऐकला असेल. मूर्तीची बोटं बऱ्याचदा त्याच आवाजाबरोबर जातात.

हे मी कागदावर वाचून सांगत नाही. १९९८ च्या सुमारास मी वागळे इस्टेटमध्ये काम करत होतो. एका काचवाल्याचा टेम्पो आला, काचा फुटतात म्हणाला, आणि मीच त्याला बाजारात मिळतील तेवढे कडक शॉकअप बसवून दिले. गाडी वळणावर झुकायची थांबली, ब्रेकला नाक खाली घालायची थांबली, मला वाटलं काम झालं. महिन्याभरात तो परत आला. काचा पूर्वीपेक्षा जास्त फुटत होत्या. तो रागावला नाही, एक तुकडा माझ्या बाकावर ठेवून म्हणाला, मी फक्त दोनशे किलो नेतो हो. मी ते शॉकअप काढून कंपनीच्या मापाचे घातले आणि मजुरी घेतली नाही. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला गाडी किती वजन उचलते हे आधी विचारत नाही, तुम्ही रोज किती टाकता हे विचारतो. तुमचं उत्तर साडेतीनशे किलो आहे. सव्वा टनाच्या गाडीत साडेतीनशे. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

ते कसं, तेही सांगतो, म्हणजे कुणी काही विकायला आलं तर तुमचं तुम्हाला ताडता येईल. पाटा वजनानं किती सेंटिमीटर दबलाय ते मोजायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्यानं भागायचं. येईल तो आकडा म्हणजे गाडी सेकंदाला साधारण किती वेळा उसळणार. पाटा ४ सेंटिमीटर दबला असेल तर वर्गमूळ २, म्हणजे सेकंदाला अडीच उसळ्या. ९ सेंटिमीटर दबला तर दीडच्या जरा वर. २५ सेंटिमीटर दबला तर एक. आरामदायी मोटारी एक ते दीडच्या आसपास असतात आणि माणसाचं अंग तेवढ्यात सुखावतं. सव्वा टन पेलायला बनवलेला पाटा साडेतीनशे किलोंना दबतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तुमची गाडी भराभर, छोट्या छोट्या उसळ्या मारते. मोजायला सोपं आहे. मागची चासी जॅकनं उचलून पाटे मोकळे सोडा, अॅक्सल ते चासी अंतर पट्टीनं मोजा, मग गाडी खाली ठेवून दोन हात पुढे-मागे ढकला आणि परत मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे दबलेली उंची. चासीखाली घोडे, म्हणजे लोखंडी आधार, लावल्याशिवाय मात्र कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

यात एक खोट आहे, आणि तुमच्या बाबतीत तीच मोठी असण्याची मला दाट शंका आहे. हे गणित पाटे एकमेकांवर मोकळे सरकत असतील तरच चालतं. तुमची गाडी दर पावसाळ्यात खारपाड्याच्या खाडीवरून जाते, कळव्यात खाडीकाठालाच उभी राहते. पंधरा वर्षांत पाट्यांच्या मध्ये गंज बसून त्यांची एक जाड कांब झाली असेल. मग पाटा दबायच्या आधी गंज सुटावा लागतो, आणि तोवरचा प्रत्येक बारीक धक्का सरळ वर जातो. अशा गाडीला जगातले उत्तम शॉकअप घातले तरी उपयोग शून्य, कारण पाटा हललाच नाही तर शॉकअपही हलत नाही. म्हणून शॉकअपच्या आधी चारही पाट्यांचे संच खाली उतरवून घ्या. प्रत्येक पान, म्हणजे संचातली एकेक पट्टी, वेगळं करून ब्रशनं गंज काढायचा, तडा गेलेलं किंवा टोकाला खोलगट झिजलेलं पान बदलायचं, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून बांधायचं. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी, तिचे बुश आणि पिना नवीन घ्या. पानं मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नवा, पाटा अॅक्सलला बांधणारे यू बोल्टही नवेच, जुने यू बोल्ट ताणलेले असतात, ते परत आवळले तरी भरवसा राहत नाही. हे काम पाटेवाल्याकडे होतं, साध्या गॅरेजात नको. कळंबोलीला ट्रकांच्या बाजूला पाट्यांची कामं करणारे आहेत, त्यांचा हात रोजचा असतो. यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्यायचे, हे विसरू नका.

टेम्पोवाल्याचा दोन पाटे काढायचा सल्ला मात्र ऐकू नका. त्यानं गाडी मऊ होईल हे खरं आहे. पण कंपनीनं ठरवलेली घडण तुम्ही बदलता, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं. तुमची मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे पासिंग दर वर्षी. तिथे अडलं तर ऐन सीझनला गाडी उभी. आणि गणपती झाल्यावर तुम्ही हीच गाडी वाळूला, विटांना भाड्यानं देणार असाल, तर उरलेले पाटे तुटून अॅक्सल सरकला की माणूस जाईल. भाच्याचं एअर सस्पेन्शन वाईट नाही, तंत्र म्हणून ते फार चांगलं आहे, मोठ्या बसना ते असतंच. पण हवेच्या पिशव्या, कॉम्प्रेसर, पाइप, झडपा हे सगळं पंधरा वर्षांच्या पिकअपवर चढवायचं, त्याची मंजुरी बघायची, आणि वर्षाला पाच फेऱ्या. तो पैसा शाडूत घाला.

आता शॉकअप कोणते. बाजारात साधे तेलाचे, कमी दाबाच्या गॅसचे आणि मोनोट्यूब असे मिळतील. तेलाच्या साध्या शॉकअपमध्ये नळीत नळी असते आणि बाहेरच्या नळीत वरच्या भागात हवा. खराब रस्त्यावर ही हवा तेलात मिसळून फेस होतो आणि फेसातून दट्ट्या सहज सरकतो, म्हणजे शॉकअप नेमका गरजेच्या वेळी ढिला पडतो. कमी दाबाच्या गॅसच्या शॉकअपमध्ये त्या हवेच्या जागी नायट्रोजन दाबून भरलेला असतो, म्हणून तेल फेसाळत नाही. तुमच्यासाठी हाच घ्या. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी, तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता दट्ट्या, गॅसचा दाब कितीतरी जास्त. ही रचना १९५० च्या दशकात फ्रान्सच्या द कार्बोन यांनी पुढे आणली आणि जर्मनीच्या बिल्स्टाइननं गाजवली. ती उष्णता झटकन बाहेर टाकते, ताशी शंभरनं वाळवंटातून गाडी नेणाऱ्याला तिचा उपयोग. पण तिचा गॅस सतत गाडी वर ढकलत असतो, बारीक धक्क्यांना ती जास्त ताठ वाटते, आणि नळीला दगडानं एक पोचा पडला की दट्ट्या अडकून ती बाद. आपल्या रस्त्यावरच्या हलक्या मालाला ती नको.

ब्रँडविषयी माझा हट्ट नाही. गॅब्रिएल घ्या, मनरो घ्या, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून घ्या, पण मॉडेल, साल आणि चेसिस नंबर सांगून घ्या. आपल्या भागातल्या जुन्या मेकॅनिकांना गॅब्रिएलची माया आहे, कारण गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखाना १९६१ साली इथेच, शेजारी मुलुंडला सुरू झाला. खोकं बघून भुलू नका, नकली शॉकअपचं खोकं कधी कधी असलीपेक्षा सुंदर असतं. खोक्यावर पार्ट नंबर, उत्पादनाचा महिना आणि किंमत छापलेली असावी, आणि जीएसटीचं पक्कं बिल मिळावं. बिल नाही तर माल नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. विकत घ्यायच्या आधी जुना शॉकअप काढून नव्याशेजारी ठेवा. पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दबलेली लांबी, टोकाच्या कडीचं, म्हणजे डोळ्याचं भोक, बुशची रुंदी, चारही जुळली पाहिजेत. नवा लांब निघाला तर खड्ड्यात पाटा पूर्ण दबायच्या आधी शॉकअप तळाला लागेल, आणि दांडी वाकेल किंवा मूर्ती फुटेल. आखूड निघाला तर चाक खाली लोंबताना शॉकअपच सगळं वजन धरून ताणला जाईल.

एक तेलानं ओला आहे म्हणून एकच बदलायचा, असं करू नका. पुढची जोडी एकत्र, मागची जोडी एकत्र, एवढं तरी पाहिजेच. तुमचे सगळेच जुने आहेत, तेव्हा चारही.

बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. नवे शॉकअप दुकानात महिनोन्‌महिने आडवे पडलेले असतात, तेलात हवा शिरलेली असते. बसवायच्या आधी शॉकअप उभा धरायचा, सात-आठ वेळा पूर्ण दाबायचा, पूर्ण ओढायचा. पहिल्या दोन-तीन वेळा मध्येच पोकळ लागेल, मग हात एकसारखा जड होईल. तो एकसारखा जड झाला नाही तर शॉकअप परत करा. चकचकीत दांडी पक्कडीत धरून नट फिरवू देऊ नका, एक चरा पडला की सील कापलं जातं आणि दोन महिन्यांत तेल गळायला लागतं. तुमच्या जुन्याचं तेच झालं असण्याची शक्यता आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं, दर धक्क्याला आणखी पिळतं आणि फाटतं. मेकॅनिकला याचा कंटाळा येतो, कारण मग परत खाली वाकावं लागतं. तुम्ही त्याला चहा पाजा, पण हे करून घ्या.

टायरची हवा मी मुद्दाम इथे आणली, कारण तिला पैसे लागत नाहीत म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. पिकअपच्या मागच्या टायरला पूर्ण भरलेल्या गाडीचा दाब वेगळा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा असतो, दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. हवा भरणारा पोरगा मालवाहू गाडी दिसली की भरलेल्याचा दाब मारून मोकळा होतो. मग तुमचा टायर लाकडी ओंडका होतो. तुमच्या वजनाला पुस्तकात जो दाब दिलाय तोच ठेवा, सकाळी टायर थंड असताना. पुस्तकापेक्षा कमी मात्र करू नका, टायर तापून फुटेल. टायरच्या अंगावर चार आकडी तारीखही बघा. १८१७ म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. तुमचे टायर इतके जुने निघाले तर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं.

आता वजन. इथे मी तुम्हाला उलटंच सांगणार आहे, वजन वाढवा. पाटा दबत नाही हे दुखणं असेल तर त्याला दाबायला वजन द्या. चाळीस-चाळीस किलोच्या पाच गोण्या बारीक वाळूनं भरा, पाऊण गोणीच भरा म्हणजे त्या पसरतील. मागच्या अॅक्सलच्या वर आणि थोड्या पुढे, हौद्याच्या तळाला एकमेकींना खेटून ठेवा, दोरीनं हुकांना बांधा. दोनशे किलो ते, मूर्तींचे साडेतीनशे किलो, मिळून साडेपाचशे झाले, सव्वा टनात आरामात बसतं. त्यानं गाडीची उसळी संथ होते. त्या वाळूवर प्लायवूडची फळी टाका, फळीवर भाताचा पेंढा दाबून, त्यावर मूर्तींचे लाकडी पाट. वाळू बारीक थरथर गिळते, जाड फोम हे करत नाही. फोम दिसायला मऊ असतो, पण उंच मूर्ती त्यावर डोलते, आणि डोलली की शेजारणीला लागते. उरलेल्या हौद्यातही गोण्यांच्या उंचीला फळी आली पाहिजे, नाहीतर मधल्या मूर्ती कलतील.

मूर्ती कुठे ठेवायच्या, हे तर शॉकअपहूनही मोठं आहे. हौद्याचा मागच्या अॅक्सलच्या मागे लोंबणारा भाग सगळ्यात जास्त उसळतो, बसच्या शेवटच्या बाकासारखा. गेल्या वर्षीच्या अकरांपैकी किती तिथे होत्या, आठवून बघा. नाजूक मूर्ती, हात पुढे आलेल्या, वर शस्त्र धरलेल्या, केबिनला लागून आणि अॅक्सलच्या पुढे. एकसंध, हात अंगाला चिकटलेल्या बैठ्या मूर्ती मागे. शेवटचे दीड-दोन फूट मोकळेच सोडा किंवा तिथे माळा, मखराचं सामान, कागदाची खोकी घाला. एका फेरीत चाळीसऐवजी तीस आणा. एक फेरी वाढेल, डिझेल वाढेल, पण सात घरांना फोन करण्यापेक्षा ते स्वस्त. बांधायचं ते पाटाला, मूर्तीला नाही, आणि दोन मूर्तींमध्ये चार बोटं अंतर.

येताना पलस्पे फाट्यानंतर तुम्ही कळंबोलीवरून शीळफाटा आणि मुंब्रा बायपास घेत असाल, अंतर कमी म्हणून. बायपासवर अवजड ट्रकांची सततची रीघ असते आणि पावसाळ्यात डांबर उखडतं. त्यापेक्षा तुर्भ्याला येऊन ठाणे-बेलापूर रोड धरा, ऐरोली, दिघा करत विटाव्यावरून कळव्यात. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, जोराचा पाऊस असेल त्या दिवशी निघूच नका. पहाटे निघा. उंचवट्यावर वेग निम्मा केलात की चाकाचा वर जायचा वेगही निम्मा होतो आणि शॉकअपमधून वर येणारा हिसकाही जवळपास निम्मा. आधी ब्रेक लावून हळू व्हायचं, आणि उंचवट्यावर चाक चढताना ब्रेक सोडलेला असायला हवा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं आणि पुढच्या पाट्यांना दबायला जागा उरलेली नसते.

जुन्या गाडीवर खर्च करावा का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. चासी गंजून भोकं पडली नसतील, इंजिन ठीक असेल, तर करा. पाट्यांचं काम, चार शॉकअप, बुश आणि गरज पडली तर मागचे दोन टायर, हे सगळं गाडीच्या रोजच्या धंद्यालाही उपयोगी पडणार आहे, फक्त गणपतीला नाही. चासीला अॅक्सलच्या वर किंवा शॅकलच्या कंसाजवळ भोक पडलेलं दिसलं तर मात्र थांबा, तिथे एक रुपया घालू नका आणि या वर्षी मूर्तींसाठी गाडी भाड्यानं घ्या. पैसे पुरत नसतील तर क्रम असा धरा: आधी हवा आणि वाळू, मग पाटे, मग शॉकअप. मेकॅनिक उलटा क्रम सांगेल, कारण शॉकअप अर्ध्या दिवसात बसतात आणि पाटे खोलायला दोन दिवस लागतात.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला आहे, तुम्हाला नेहमीपेक्षा जास्त सवड आहे. काम आत्ता काढा, जुलैत सगळ्या गॅरेजांत पावसाळ्याची गर्दी होते. आणि काम करायच्या आधी एक करा. प्लास्टिकची बादली काठापासून चार बोटं खाली पाण्यानं भरा, रेघ मारा, हौद्यात मूर्ती ठेवता तिथे, अॅक्सलच्या पुढे, दोरीनं पक्की बांधा. कळव्याहून महापेपर्यंत जा आणि परत या, ठरलेल्या वेगानं. पाणी रेघेच्या किती खाली गेलं ते मोजून लिहून ठेवा. दुसरी बादली अगदी मागे, शेवटच्या टोकाला. काम झाल्यावर त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं, वाळूच्या गोण्यांसकट पुन्हा तेच. चारही आकडे मला पाठवा. दुसऱ्या वेळीही पुढच्या बादलीतून पाणी सांडत असेल तर पाट्यांचा सेंटर बोल्ट आणि रबरी बफर यांचे फोटो काढून सोबत जोडा, मग पुढे काय करायचं ते बघू.

तुमचा काका